पाणी कोणाचे, मासा कोणाचा, काठ कोणाचा

गळ टाकून बसलेल्या माणसाला काठावर कोणी हटकले की त्याच्या तोंडी बहुधा एकच वाक्य येते: पाणी सरकारचे आहे. मीही ते अनेक वर्षे म्हणत आलो, आणि एका सकाळी ज्या माणसाला ते ऐकवले त्याच्याकडे नंतर मला क्षमा मागायला जावे लागले. नागपूर आणि आसपासच्या तलावांवर सुट्टीच्या दिवशी काठी घेऊन जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे, काठावरच्या जमिनी विकल्या जाऊन तेथे बागा, कुंपणे आणि फार्महाऊसही उभी राहत आहेत, म्हणून हा विषय सविस्तर लिहावासा वाटला.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबर महिन्यातली आहे. उमरेड मार्गाच्या एका बाजूला, नागपुरापासून तासाभराच्या अंतरावर, एका धरणाचे फुगवट्याचे पाणी संत्र्याच्या बागांच्या टोकापर्यंत येऊन थांबते. बागेला तारेचे कुंपण होते, पण एका जागी तारा वाकलेल्या होत्या आणि तेथून एक पायवाट पाण्याकडे उतरत होती. वाट पडली आहे म्हणजे लोकांची वहिवाट असणारच, असे मी गृहीत धरले, खाली उतरून एका खडकावर बसलो आणि गळाला कणकेची गोळी लावून रोहूची वाट पाहू लागलो. अर्ध्या तासाने बागेचा राखणदार आला. तो वयाने माझ्याहून बराच मोठा होता. तो म्हणाला, "भाऊ, इथं बसू नका जी. मालक आले त मले बोलतीन." मी त्याला पाणी सरकारचे असल्याचे सांगितले, धरण सरकारचे असल्याचे सांगितले आणि मालकांनी येऊन कागद दाखवावा, असेही वर म्हणालो. तो काही न बोलता उभा राहिला. थोड्या वेळाने मालकांची गाडी आली आणि ते मला एक शब्दही न विचारता त्या वृद्ध माणसालाच माझ्यादेखत अद्वातद्वा बोलले. मी सामान आवरले. परतताना मनात मालकांविषयीचा राग होता, पण रात्री आठवत राहिले ते एवढेच की मी त्या कुंपणातून आलो नसतो, तर त्याला ते ऐकून घ्यावे लागले नसते.

पुढच्या काही आठवड्यांत मी त्या गावाचा नकाशा पाहिला, काठाला लागून असलेल्या गटांचे सातबारे काढले, आणि पाटबंधारे शाखेत व मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारपूस केली. पाणी आणि त्याखालची जमीन शासनाची होती, येथवर माझे बरोबर होते. मी ज्या खडकावर बसलो होतो तोही धरणासाठी संपादित झालेल्या जमिनीच्या हद्दीच्या दगडांच्या आत होता, म्हणजे तेथून मला उठवण्याचा अधिकार बागमालकांना नव्हता. परंतु ज्या वाटेने मी उतरलो ती संपूर्ण वाट त्यांच्या खासगी गटातून जात होती. आणि ज्या रोहूसाठी हा सगळा खटाटोप होता, तो रोहू एका मच्छीमार सहकारी संस्थेचा होता. तिने जलाशयाचा ठेका घेऊन त्यात बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, सोडली होती. माझ्या आणि मालकांच्या वादात त्या संस्थेचा उल्लेखही कोणी केला नव्हता.

तेव्हापासून मी हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारतो. पाणी कोणाचे, याचे उत्तर त्यांतल्या त्यात सोपे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 20 नुसार नद्या, ओढे, नाले, सरोवरे, तलाव, कालवे आणि सर्व साचलेले व वाहते पाणी, जेथवर ते कोणा व्यक्तीच्या मालकीचे नाही तेथवर, राज्य शासनाच्या मालकीचे आहे. या वाक्यातला 'जेथवर' हा शब्द महत्त्वाचा आहे. स्वतःच्या गटात खोदलेले शेततळे किंवा खासगी मालकीचे जुने तळे या कलमाने शासनाचे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये हिमाचल प्रदेशातील बियास नदीकाठच्या प्रकरणात शासन हे नद्या, किनारे, वने यांचे जनतेच्या वतीने विश्वस्त असते, असे तत्त्व मांडले, आणि 2011 मध्ये पंजाबातील एका गावतळ्यावरील अतिक्रमणाच्या प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. हे दोन्ही निर्णय मला मोलाचे वाटतात. मात्र विश्वस्ताने सांभाळलेली मालमत्ता प्रत्येकाने हवी तशी वापरावी, असा त्यांचा अर्थ होत नाही, आणि काठावरच्या वादात ते ढालीसारखे पुढे करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मासा कोणाचा, हा प्रश्न अधिक खोल आहे, आणि आपण गळकरी नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष करतो. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत समुद्रात आणि भरती-ओहोटीच्या पाण्यात मासेमारीचा हक्क सर्वसामान्य जनतेचा मानला गेला, पण जेथे भरतीचे पाणी पोहोचत नाही तेथे तो हक्क त्या पाण्याखालच्या जमिनीच्या मालकाकडे किंवा त्याने ज्याला तो दिला त्याच्याकडे राहिला. नागपूरला समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. आपल्या वेणा, कन्हान, पेंच या नद्यांत आणि त्यांच्या धरणांत 'कोणीही मासे धरावेत' असा आपोआप मिळणारा हक्क नाही. मासेमारीचा हक्क ही जमिनीसारखीच एक मालमत्ता आहे. 1955 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ओडिशातील चिलिका सरोवराचे प्रकरण आले होते. काही लोकांनी पारिकुदच्या राजाकडून सरोवराच्या ठरावीक भागांत पुढील वर्षांसाठी मासे धरण्याचा हक्क तोंडी व्यवहाराने विकत घेतला होता, आणि दरम्यान ती जहागीर शासनाकडे निहित झाली. मासे धरून नेण्याचा हक्क म्हणजे जमिनीपासून मिळणारा लाभ होय, तो स्थावर मालमत्तेत मोडतो आणि म्हणून तोंडी व्यवहाराने तो मिळत नाही, असे न्यायालयाने ठरवले. 'गावातल्या एका ओळखीच्या माणसाने बसायला सांगितले' या आपल्या नेहमीच्या उत्तराचे वजन किती, हे यावरून समजावे.

पूर्व विदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागांतले मालगुजारी तलाव, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जुन्या जमीनदारांच्या, मालगुजारांच्या, ताब्यातले तलाव, गावकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातले आहेत. त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचे कौशल्य आहे आणि त्यांच्या पाण्यावर ढिवर समाजाचे जगणे आहे. मध्य प्रदेशाच्या (तेव्हा हा भाग त्या राज्यात होता) 1950 च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने 31 मार्च 1951 पासून मालगुजारांचे हक्क शासनाकडे गेले, आणि त्या हक्कांच्या यादीत जमीन, जंगल, विहिरी, तलाव यांच्याबरोबर मासेमारीचाही स्पष्ट उल्लेख होता. तरीही गावकऱ्यांचे जुने हक्क पुसले गेले नाहीत. आपल्याकडे निस्तारपत्रक (गावाच्या सामाईक वापराची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रिवाजांची नोंद) हे दोन दस्तऐवज आहेत, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम 165 नुसार वाजिब-उल-अर्जमध्ये गावातील खासगी जमिनीवरील वा पाण्यावरील सिंचनाचा, जाण्या-येण्याचा आणि मासेमारीचा रिवाज नोंदवला जातो. म्हणजे एखादे तळे खासगी मालकीचे असूनही गावाला त्यात मासे धरण्याचा रिवाजाचा हक्क असू शकतो. 1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेही हेच ओळखले होते: इतर लोकांना रिवाजाने मासेमारीचा हक्क आहे, एवढ्याच कारणाने खासगी पाणी खासगी राहत नाही असे होत नाही, असे त्याच्या व्याख्येत नमूद होते. पण हा हक्क त्या गावाचा आहे. नागपुरातल्या धंतोलीहून किंवा धरमपेठेतून दुचाकीवर आलेल्या माझ्यासारख्याला त्या रिवाजात जागा नाही, आणि ती आहे असे भासवणे हे ज्यांचा हक्क खरा आहे त्यांच्या हक्काला धक्का लावणे आहे.

ठेका घेतलेल्या संस्थेचे म्हणणे मी त्या वेळी प्रथमच नीट ऐकले. संस्थेचे सभासद पावसाळ्यात बीज आणतात, रक्कम भरतात, रात्री पाळीने राखण करतात आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की जाळे टाकतात. त्यांच्यासाठी तलावातले रोहू, कटला आणि मृगळ हे उभे पीक आहे. एका काठीने दोन मासे गेल्याने संस्था बुडत नाही, हे त्यांनाही कळते. पण रविवारी वीस काठ्या येतात आणि प्रत्येक जण दोनच मासे नेतो, तेव्हा हिशेब निराळा होतो. बहुतेक ठिकाणी आधी विचारले तर ते बसू देतात, काही ठिकाणी थोडे पैसे घेतात, काही ठिकाणी मरळ किंवा वाम मिळाल्यास न्या पण रोहू-कटला परत सोडा असे सांगतात. शेततळ्याची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. वाहत्या नदीतला मोकळा मासा पकडला जाईपर्यंत कोणाच्या ताब्यात नसतो असे कायदा मानतो, पण बंदिस्त तळ्यात सोडलेला मासा मालकाच्या ताब्यातला असतो आणि तो न विचारता नेणे ही चोरी ठरू शकते.

आता काठ. एखाद्याच्या जमिनीवर त्याच्या परवानगीने जाणे याला भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 'अनुज्ञप्ती' म्हणतो. हा कायदा मुंबई इलाख्याला 1891 मध्ये लागू झाला, पण मध्य प्रांताला, म्हणजे आपल्या नागपूरला, तो पहिल्या दिवसापासून लागू होता, ही नोंद मला जुन्या कायद्याच्या पहिल्याच कलमात सापडली आणि उगाच आनंद झाला. त्यातील तरतुदींनुसार साधी परवानगी मालक केव्हाही मागे घेऊ शकतो, आणि ती मागे घेतल्यावर परवानगी मिळालेल्या माणसाला तेथून निघण्यासाठी व आपले सामान हलवण्यासाठी वाजवी वेळ मिळायला हवा. दोन्ही बाजूंनी पाळावी अशी ही तरतूद आहे: 'उठा' म्हटल्यावर गळकऱ्याने वाद न घालता उठावे, आणि मालकानेही तंगूस (गळाची दोरी) गुंडाळण्याइतका अवधी द्यावा. वहिवाटीचा हक्क सांगणाऱ्याला वीस वर्षांचा शांततामय, उघड आणि अखंड वापर दाखवावा लागतो, आणि तोही परवानगीने केलेला नव्हे तर हक्क म्हणून केलेला. कुंपणाच्या वाकलेल्या तारांतून सुट्टीच्या दिवशी ये-जा केल्याने तो कोणालाही मिळत नाही.

मग पाण्यापर्यंत हक्काने जायचे तरी कसे? गावनकाशा पाहावा. त्यावर पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारी सामाईक वाट, दिसते, शिवेवरून जाणारे रस्ते दिसतात, नाले दिसतात. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, 'अ' आणि 'ब' अशा दोन वर्गांत नोंदलेला असतो. त्यांपैकी 'ब' वर्गात सार्वजनिक प्रयोजनासाठी राखलेली किंवा मान्य पायवाटेखाली, रस्त्याखाली, इतरांच्या वापरातील तलावाखाली वा ओढ्याखाली असलेली जागा येते. म्हणजे कोणाच्या सातबाऱ्यात पांदण दिसली तरी ती बंद करण्याचा अधिकार त्याला आपोआप मिळत नाही. उलट नदीकाठच्या निळ्या आणि लाल पूररेषांचा गैरसमज करून घेऊ नये. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, त्यांनी बांधकामावर बंधने येतात, पण त्या रेषेच्या आतली जमीन फिरायला मोकळी झाली असा त्यांचा अर्थ नाही.

धरणांच्या काठाविषयी एक गोष्ट मी स्वतः उशिरा शिकलो. मार्च-एप्रिलमध्ये पाणी उतरते, काळी गाळाची जमीन उघडी पडते, आणि ती शासनाची असल्याने मोकळीच आहे असे वाटते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ती गाळपेऱ्यासाठी, म्हणजे त्या गाळात पीक घेण्यासाठी, भाडेपट्ट्याने दिलेली असते, पुष्कळदा त्याच धरणात जमीन गेलेल्या कुटुंबांना. नदीच्या वाळूतल्या डांगरवाड्यांचेही, म्हणजे खरबुजांच्या वाड्यांचेही, तसेच. वेल जमिनीसरशी पसरलेले असतात, पहाटेच्या अंधारात ते दिसत नाहीत, आणि चार जणांच्या बुटांखाली एका रात्रीत किती नुकसान होते हे डांगराच्या वाडीत राहुटी टाकून राहणाऱ्या बाईने मला दाखवले तेव्हा मला उत्तर सुचले नाही. जमीन सरकारची होती, पण पीक तिचे होते.

फौजदारी कायद्याविषयी दोन्ही बाजूंकडून धमक्या दिल्या जातात, म्हणून तेवढे स्पष्ट करतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 नुसार फौजदारी अतिक्रमणास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यासाठी गुन्हा करण्याचा, अथवा ताबा असलेल्या व्यक्तीला धाक घालण्याचा, तिचा अपमान करण्याचा किंवा तिला त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. चुकून कुंपणाच्या आत आलेला आणि सांगितल्यावर निघून जाणारा माणूस गुन्हेगार ठरत नाही. सांगितल्यानंतर हुज्जत घालत, शिवीगाळ करत तेथेच बसून राहणारा मात्र स्वतःहून त्या कलमाच्या जवळ जातो. आणि मालकाला कायदा हातात घेऊन कोणाची काठी मोडण्याचा किंवा गाडीची हवा सोडण्याचा अधिकार कोणत्याही कलमाने दिलेला नाही.

परदेशातल्या चित्रफिती पाहून काही तरुण मित्र म्हणतात की तिकडे पाण्यात उतरलेल्याला कोणी हात लावू शकत नाही. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात 1985 च्या कायद्याने नद्यांच्या नेहमीच्या उच्च पाणीरेषेच्या आत लोकांना मासेमारीसाठी वावरता येते हे खरे आहे, पण त्याच कायद्यात नदीपर्यंत पोहोचण्यासाठी खासगी जमीन ओलांडण्याचा हक्क नाही. इंग्लंडमध्ये तर गळाचा शासकीय परवाना घेतल्यावरही त्या पाण्यातील मासेमारीच्या हक्कदाराची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला तोतलाडोह जलाशय आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पातले ते पाणी, तेथे हौसेच्या गळाला जागा नाही. पण त्याच जलाशयाविषयी 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय मी प्रत्येक गळकऱ्याला वाचायला सांगतो. मध्य प्रदेश शासनाने उद्यानाच्या क्षेत्रातून हललेल्या 305 आदिवासी कुटुंबांना तेथे मासेमारीचे परवाने दिले होते, आणि त्याला आव्हान देण्यात आले होते. न्यायालयाने त्यांच्या उपजीविकेचा विचार करताना अटी घातल्या: परवान्यावर छायाचित्र असावे, उद्यानाच्या इतर भागांत जाऊ नये, काठावर स्वयंपाकासाठी वा अन्य कारणासाठी विस्तव पेटवू नये, काठावर किंवा पाण्यात कचरा टाकू नये. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांना या अटी पाळाव्या लागल्या. आपण तर हौसेने जातो, आणि आपल्या बहुतेक काठांवर तुटलेला तंगूस, पाण्याचे पाऊच, खर्र्याच्या पन्न्या आणि दारूच्या बाटल्या पडलेल्या असतात. तंगूसात पाय अडकून फडफडणारा बगळा मी स्वतः दोनदा सोडवला आहे. जमीनमालकांच्या रागाचे खरे कारण माझ्या अनुभवात मासा फारच क्वचित असतो. ते काचा, विस्तव, उघडे राहिलेले फाटक आणि वाटेत आडवी लावलेली गाडी हेच असते. संत्र्याच्या बागेत कोणी विडी टाकून गेले आणि वाळलेले गवत पेटले, तर झाडे पुन्हा फळावर यायला वर्षे लागतात.

म्हणून मी आता आदल्या दिवशी जातो किंवा फोन करतो, संस्थेच्या सचिवांना विचारतो, ज्यांच्या धुऱ्यावरून जायचे त्यांना विचारतो, गाडी कोठे लावू हेही विचारतो. 'नाही' असे उत्तर आले तर कारण मागत नाही. फाटक जसे होते तसेच ठेवतो, घरांकडे किंवा बायाबापड्यांच्या धुण्याच्या घाटाकडे तोंड करून बसत नाही, आणि पहिल्या पावसात नाल्यात चढणीचे मासे आले की काठी घरीच ठेवतो, कारण त्या दिवसांत त्यांच्या पोटात अंडी असतात. पिशवीत आणलेले सगळे, अगदी दुसऱ्याने टाकलेला तंगूससुद्धा, परत घेऊन येतो. मालकांनाही माझे एक सांगणे आहे: धरणाच्या हद्दीच्या दगडांपलीकडे कुंपण ओढू नका, पांदण अडवू नका, आणि आलेल्या माणसाशी बोलायचे असेल तर स्वतः बोला. तुमच्या राखणदाराला मध्ये उभे करून त्याला दोन्हीकडून ऐकायला लावू नका.

त्या राखणदाराकडे मी दीड महिन्याने गेलो. या वेळी कुंपणातून न जाता गावातल्या पांदणीने, लांबच्या वळणाने, हद्दीचे दगड मोजत पाण्यापर्यंत आलो आणि बागेच्या टोकाशी उभा राहून त्यांना हाक मारली. काका, त्या दिवशी माझे चुकले, असे मी म्हणालो. त्यांनी मला बसायला सांगितले नाही आणि जायलाही सांगितले नाही, थोड्या वेळाने म्हणाले, "पांदणीनं आले न, मंग काय बी नाई. पण संस्थेवाल्याइले सांगितलं काय जी?" मी संस्थेच्या सचिवांनी हाताने लिहून दिलेली चिठ्ठी काढून दाखवली. ती त्यांनी वाचली नाही, परत माझ्या हातात दिली आणि विहिरीवरच्या मोटारीकडे निघून गेले.